नॉमिनी, सातबारा, मृत्युपत्र, प्रोबेट: वारसाच्या वादात कोणत्या कागदाचं वजन किती?

घरातलं माणूस गेलं की दिवसकार्य आटोपायच्या आत कागदांची शोधाशोध सुरू होते. पासबुक, सातबाऱ्याचा उतारा, विम्याची पावती आणि कधी कधी कुणालाच माहीत नसलेलं मृत्युपत्र. भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते: एकाच्या हातात एक कागद असतो, दुसऱ्याच्या हातात दुसरा, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याकडचा कागद म्हणजे मालकी. प्रत्यक्षात यातला प्रत्येक कागद वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खटाव तालुक्यातल्या औंधमधले एक गृहस्थ वारले. गावाकडे चार एकर जमीन, मुंबईत लालबागला एक खोली, वडूजच्या बँकेत मुदत ठेव. मागे पत्नी, दोन मुलगे, लग्न झालेली मुलगी आणि वृद्ध आई. ठेवीवर नॉमिनी धाकटा मुलगा. थोरला म्हणतो, वडिलांनी मृत्युपत्र करून सगळी जमीन मला दिली. आणि मुलीला सांगितलं जातंय, 'ताई, हक्कसोडीवर सही कर.' सातारा-सांगलीकडच्या अर्ध्याअधिक घरांचा कुणी ना कुणी मुंबईला राहिलेला असतो, त्यामुळे हे चित्र अनेकांना ओळखीचं वाटेल.

मृत्युपत्रच नसेल तर?

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू होतो. पुरुषाच्या मागे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे वर्ग एकचे वारस, आणि त्यांचा हिस्सा सारखा. जमीन वडिलांच्या स्वतःच्या कमाईची असेल तर आपल्या उदाहरणात पाच वारस होतात. चार एकर म्हणजे १६० गुंठे, म्हणून प्रत्येकी ३२ गुंठे. मुलीचं लग्न झालं आहे की नाही, लग्नात किती खर्च झाला, याचा हिश्शाशी संबंध नाही.

आई हमखास विसरली जाते. वडील वर्ग एकमध्ये नाहीत, पण आई आहे. तिच्या नावावर आलेले ३२ गुंठे तिच्या पश्चात फक्त या नातवंडांकडे येत नाहीत. तिने मृत्युपत्र केलं नसेल तर तिची इतर मुलं, म्हणजे काका आणि आत्या, हेही त्यात वाटेकरी होतात, आणि वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांना मिळतो. दहा वर्षांनी आत्या हिस्सा मागायला आली की घरात धक्का बसतो, पण तो हक्क तिला तिच्या आईकडून आलेला असतो.

'वडिलोपार्जित' जमिनीचा हिशोब वेगळा

जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर मृत्युपत्राने वडील फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलासारखीच जन्माने सहदायाद आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच, त्यावेळी अविवाहित असलेल्या मुलींना हा हक्क दिला होता. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल, तर ती मात्र उकरून काढता येत नाही.

आता आकडे बघा. वाटप झालं असं धरलं तर वडील, आई (म्हणजे त्यांची पत्नी), दोन मुलगे आणि मुलगी असे पाच हिस्से पडतात, प्रत्येकी ३२ गुंठे. मृत्युपत्राने देण्याजोगे वडिलांचे ३२ गुंठेच. मृत्युपत्र खरं ठरलं तरी थोरल्याला ६४ गुंठे मिळतील, बाकी तिघांचे ३२-३२ शाबूत राहतील. मृत्युपत्र नसेल तर वडिलांचे ३२ गुंठे पाच वारसांत वाटले जातील, आणि आजीच्या वाट्याला ६.४ गुंठे येतील. 'सगळी जमीन मला' हे वाक्य कागदावर असलं तरी कायद्याने तेवढं देता येतंच असं नाही.

बोलीभाषेत आपण वडिलांकडून आलेल्या सगळ्याच जमिनीला वडिलोपार्जित म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. आजोबांची स्वकष्टार्जित जमीन १९५६ नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते, हे १९८६ च्या चंदर सेन निकालापासून पक्कं आहे. त्यामुळे जुने फेरफार काढून जमीन घरात कशी आली, हे आधी बघावं. वकिलाकडे जाण्यापूर्वी करण्यासारखं सर्वांत उपयोगी काम हेच. जुन्या उताऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं दिसलं तर थांबा: ते 'एकत्र कुटुंब मॅनेजर' आहे. म्हणजे ते नाव घराच्या वतीने लागलं होतं, एकट्या मालकाचं म्हणून नाही.

सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली का?

नाही. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) द्यायची असते. वारस ठरवण्याची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार. कुणी हरकत घेतली तर प्रकरण ६-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जातं, सुनावणी होते आणि पुढे प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. मृतांची नावं काढून वारसांची लावण्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीमही घेतली.

ही सगळी नोंद सरकारला जमीन महसूल कुणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून आहे. नोंद खरी आहे असं धरून चाललं जातं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी ठरवायचा अधिकार दिवाणी न्यायालयाचा. बहिणीचं नाव वारस नोंदीत गाळलं गेलं म्हणून तिचा हिस्सा संपत नाही. पण नोटीस आल्यावर गप्प बसू नये, कारण हरकत घ्यायला पंधरा दिवसच मिळतात, आणि गाळलेल्या नावानिशी जमीन विकली गेली की वाद तिसऱ्या माणसाशी घालावा लागतो.

हक्कसोडपत्र मात्र गंभीर कागद आहे. ते नोंदणीकृत झालं की हक्क खरोखर गेला. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करून ते रद्द करून घेता येतं, पण ते ओझं सही करणाऱ्या बहिणीवर येतं. 'नुसती वारस नोंदीसाठी सही हवी आहे' असं कुणी म्हणालं तर कागदाचं शीर्षक वाचावं. वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही.

नॉमिनी म्हणजे कोण?

पैसे स्वीकारणारा. एवढंच. या मुद्द्यावरचा सर्वांत ठळक निकाल एका मराठी घरातल्या वादातूनच आला. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांचं मृत्युपत्र होतं, आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनी नेमलेले होते. नॉमिनीच मालक, असा दावा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी तो फेटाळला: शेअर आणि सिक्युरिटीजच्या बाबतीतही नॉमिनेशन म्हणजे वारसाहक्काचा तिसरा मार्ग नव्हे. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

म्हणून वडूजच्या बँकेने धाकट्याला ठेवीची रक्कम दिली तर बँकेचं काम झालं. धाकट्याचं नाही. त्याने ती सर्व वारसांसाठी सांभाळायची आहे. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने एक अपवाद केला: पॉलिसीधारकाने जोडीदार, मुलं किंवा आईवडील यांना नॉमिनी केलं असेल, तर त्यांना लाभार्थी म्हणून हक्क मिळतो.

मृत्युपत्र कोर्टात कशावर टिकतं?

वाद सर्वांत जास्त इथे पेटतो, आणि गैरसमजही इथेच सर्वांत जास्त.

स्टॅम्पपेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावरचं, मराठीत हाताने लिहिलेलं मृत्युपत्र चालतं. पण दोन साक्षीदार लागतात, आणि भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार त्या प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेलं असावं, किंवा त्याने ती सही आपली असल्याचं साक्षीदाराला सांगितलेलं असावं. मग साक्षीदाराने त्याच्यासमोर सही करायची. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची अट नाही. घरी बसून लिहिलेलं आणि नंतर गावातल्या दोघांकडून 'सह्या गोळा केलेलं' मृत्युपत्र उलटतपासणीत याच ठिकाणी कोसळतं.

न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करायला किमान एक साक्षीदार, तो हयात असेल तर, उभा करावाच लागतो. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. दोन्ही साक्षीदार वारले असतील तर हस्ताक्षरं सिद्ध करण्याची कसरत करावी लागते. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाने आपल्याच वयाचे दोन मित्र साक्षीला घेणं म्हणूनच शहाणपणाचं नाही.

नोंदणीकृत मृत्युपत्राला वजन असतं, पण ते अभेद्य नसतं. दुय्यम निबंधकांसमोर सही झाली एवढंच त्यातून कळतं. आणि शेवटचं मृत्युपत्र चालतं. २०१५ मध्ये नोंदवलेलं मृत्युपत्र २०२३ मधल्या साध्या कागदावरच्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकतं, फक्त ते दुसरं सिद्ध व्हायला हवं.

संशयाच्या बाबतीत आजही ज्या निकालाचा दाखला प्रत्येक वकील देतो, तो लिहिणारे न्यायमूर्ती साताऱ्यात जन्मलेले होते. १९५८ च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यात प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर (पुढे भारताचे सरन्यायाधीश) यांनी नियम घालून दिला: मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर. सही थरथरती, माणूस आजारी, कारण न देता पत्नीला किंवा मुलीला पूर्ण वगळलेलं, आणि ज्याला सगळं मिळालं त्यानेच वकील आणला, साक्षीदार आणले, गाडी करून नेलं. असं असेल तर न्यायालय डोळे बारीक करून बघतं. यातली एकेक गोष्ट मृत्युपत्र पाडायला पुरेशी नसते. मुलीला वगळणं हाच मुळात मृत्युपत्राचा हेतू असू शकतो. पण का वगळलं हे एका वाक्यात लिहिलेलं असलं, आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलेलं असलं, तर थोरल्या मुलाची बाजू बरीच भक्कम होते.

मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे संपत्तीच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं, बाकीच्यासाठी वारसांची संमती लागते. तिथे वरचे हिस्से लागू नाहीत.

प्रोबेट: औंधला लागत नव्हतं, लालबागला लागत होतं

प्रोबेट म्हणजे न्यायालयाच्या शिक्क्यानिशी मिळालेली मृत्युपत्राची प्रमाणित प्रत. 'हे खरोखर या माणसाचं शेवटचं मृत्युपत्र आहे' एवढंच ती सांगते. ते मिळतं मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरला. एक्झिक्युटर नेमलेला नसेल तर लाभार्थ्याला 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन' मागावं लागतं.

प्रोबेट सगळीकडे सक्तीचं नव्हतंच. इंग्रजी अमदानीतल्या नियमाप्रमाणे हिंदूंसाठी ती सक्ती बंगाल आणि मुंबई-मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीपुरती होती. औंध तर १९४८ पर्यंत पंतप्रतिनिधींचं संस्थान, ब्रिटिश हद्दीबाहेरचं. विलीनीकरणानंतर गाव साताऱ्यात आणि संस्थानातलं आटपाडी पुढे सांगली जिल्ह्यात गेलं, तेव्हाही ही सक्ती तिकडे आली नाही. औंधला केलेलं, औंधच्याच जमिनीचं मृत्युपत्र थेट दिवाणी न्यायालयात किंवा फेरफारासाठी दाखवता येत होतं. मात्र त्याच मृत्युपत्रात बृहन्मुंबईतली स्थावर मिळकत असली, की प्रोबेट आलंच. डोंबिवली किंवा कामोठ्याचा फ्लॅट असेल तर नाही, कारण ते हद्दीबाहेर.

ही असमानता संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढली. निरसन आणि सुधारणा कायदा, २०२५ ने सक्ती लादणारं कलम २१३ वगळलं. आता प्रोबेट ऐच्छिक आहे. पण ते निरुपयोगी झालेलं नाही. वारसांत फूट असेल किंवा मिळकत अनेक राज्यांत असेल तर एकदाचा शिक्का मारून घेणं सोयीचं ठरतं. आटपाडी-खानापूर भागातली गलाईवाली कुटुंबं दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत पसरली आहेत, त्यांना हे लागू पडतं. त्यांनी लक्षात ठेवावं की जिल्हा न्यायालयाच्या प्रोबेटचा अंमल साधारणपणे राज्यापुरता, उच्च न्यायालयाच्या प्रोबेटचा देशभर.

मृत व्यक्तीचं राहतं ठिकाण किंवा कोणतीही मिळकत ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. औंधसाठी ते सातारा. मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट मिळत नाही. वारसांना नोटिसा जातात. मृत्युपत्राबद्दल शंका असणाऱ्याने आधीच कॅव्हेट दाखल करून ठेवावं, म्हणजे त्याला न ऐकता आदेश होणार नाही. विरोध झाला की अर्ज दाव्याप्रमाणे चालतो: साक्षी, उलटतपासणी, सगळं. दरम्यान मिळकत उधळली जाण्याची भीती असेल तर न्यायालय तात्पुरता प्रशासक नेमू शकतं. आणि दिलेलं प्रोबेटसुद्धा, एखाद्या वारसाला नोटीसच न देता किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेलं असेल, तर रद्द होतं.

रद्द झालेल्या प्रोबेटची महाराष्ट्रातली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे ताईमहाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये पटकीने वारले. मृत्युपत्रात त्यांनी विश्वस्त नेमले, त्यात त्यांचे मित्र लोकमान्य टिळक आणि दादासाहेब खापर्डे. मागे राहिलेल्या तरुण विधवा पत्नी, ताईमहाराज. त्यांना झालेला मुलगा लवकरच दगावला, आणि दत्तकाचा प्रश्न उभा राहिला. १९०१ मध्ये औरंगाबादला विश्वस्तांच्या पुढाकाराने जगन्नाथ नावाच्या मुलाचं दत्तकविधान झालं. ताईमहाराजांनी पुढे ते नाकारलं, कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतलं आणि विश्वस्तांना दिलेलं प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज केला. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केलं, शिवाय टिळकांवर खोटी शपथ वगैरे आरोपांचा फौजदारी खटला लावला. त्यात शिक्षाही झाली, ती १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. कोणता दत्तक खरा, याचा दिवाणी दावा मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने लागला. ताईमहाराज १९०३ मध्येच वारल्या होत्या.

राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट दिसते. मृत्युपत्र खरं होतं की नाही, हा भांडणाचा छोटा भाग होता. वारस कोण आणि एक्झिक्युटरने अधिकार कसा वापरला, यावर अठरा वर्षं गेली. एक्झिक्युटर होणं हा मान नाही, जबाबदारी आहे. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशोब न्यायालयात द्यावा लागतो. मित्राने 'नाव घालतो रे तुझं' म्हटलं तर हो म्हणण्याआधी विचार करावा.

आणखी एक: प्रोबेट न्यायालय मालकी ठरवत नाही. मृत्युपत्र खरं ठरलं तरी जमीन मुळात कुटुंबाची होती का, हा वाटपाचा दावा वेगळा चालतो. आपल्या उदाहरणातला थोरला मुलगा प्रोबेट घेऊन आला तरी बहिणीचे ३२ गुंठे त्यातून जात नाहीत.

लालबागच्या खोलीचं काय?

आधी खोली कसली ते विचारा. मालकीची, सोसायटीतली असेल तर मृत्युपत्राने देता येते. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, मालक नाही. चाळीतली पागडीची खोली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मालकी घरमालकाची आणि आपली फक्त भाडेकरी. मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवलं की भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरू वारल्यावर हक्क जातो त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला. तसं कुणी नसेल तर वारसांपैकी एकाला, आणि तो कोण हे वारसांत ठरलं नाही तर न्यायालय ठरवतं. म्हणजे मुंबईला वडिलांबरोबर कोण राहत होतं, रेशनकार्ड कुठलं, हे प्रश्न मृत्युपत्रापेक्षा महत्त्वाचे ठरतात.

कोणता दाखला कुठे चालतो?

नॉमिनी नसलेल्या ठेवी, शेअर आणि येणं वसूल करण्यासाठी दिवाणी न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला लागतो. तो जमिनीसाठी चालत नाही. महाराष्ट्रात मुंबई विनियम ८, १८२७ या जवळजवळ दोनशे वर्षं जुन्या नियमाखाली न्यायालय वारस दाखलाही देतं. तहसीलदार कार्यालयातून मिळणारी कागदपत्रं निवृत्तिवेतनासारख्या कामांना चालतात, पण हिश्शाच्या वादात त्यावर विसंबता येत नाही.

आणि कर्ज?

मिळकतीबरोबर देणीही येतात, पण मिळालेल्या मिळकतीपुरतीच. सोसायटीचं पीककर्ज वडिलांच्या नावावर असेल आणि सातबाऱ्यावर बोजा असेल, तर तो जमिनीबरोबर सगळ्या वारसांकडे येतो, बहिणीकडेही. मुलाने स्वतःच्या पगारातून घेतलेल्या घरावर मात्र वडिलांच्या कर्जासाठी बोट ठेवता येत नाही. तो सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच प्रश्न येतो. वसुलीला माणूस दारात आला की पहिला प्रश्न हाच विचारावा: कर्जाच्या कागदावर माझी सही आहे का?